सपाट नागपूरचे स्कीवाले

काही घरांत रद्दी साचते, आमच्या ग्रुपमध्ये किस्से साचतात. वर्षातून एकदा आठ-दहा दिवस गुलमर्गला जायचं आणि उरलेलं वर्षभर सक्करदरा तलावाजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खात तेच ते एकमेकांना सांगायचं, हा आमचा कार्यक्रम. दर वेळी सांगताना उतार थोडा वाढतो आणि पडणाऱ्याचा आवाज थोडा मोठा होतो. ऐकणाऱ्यांना सगळं पाठ आहे, तरी कोणी मध्ये थांबवत नाही.

आम्ही चौघं, सगळे सक्करदऱ्याचेच. दिनूभाऊ, म्हणजे महाल भागात टाइल्सचं दुकान असलेले, आमचे म्होरके. वंदनाताई बँकेत ऑफिसर. सतीश सर कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. आणि मी, शहराबाहेरच्या मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारा. आम्हाला सगळ्यांना दिनूभाऊंनीच धरून बर्फावर नेलं. "थंडी म्हंजे काय ते पाहून तं ये गा एकदा!" एवढ्या एका वाक्यावर मी गेलो होतो.

आता नागपूर आणि स्कीइंग हे ऐकून लोक हसतात. हसणारच! आमच्या गावात उतार म्हणजे उड्डाणपूल, आणि त्यावर ट्रॅफिक असतो.

स्कीइंगची गंमत अशी की सुरुवातीला पटापट जमतं. पहिल्या वर्षी माणूस पडतो, दुसऱ्या वर्षी कमी पडतो, तिसऱ्या वर्षी फोटो चांगले येतात. मग गाडी जी अडकते ती अडकतेच. याला इंटरमीडिएट म्हणतात. सोप्या उतारावर आपण राजे. जरा खडा उतार दिसला की दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, मागून फाकवायच्या, त्यांचा समोसा करायचा आणि देवाचं नाव घेत घासत खाली यायचं. आम्ही त्या समोशात काही वर्षं काढली.

त्यातून बाहेर पडायच्या नादात दिनूभाऊ पडले. वरच्या चेअरलिफ्टखालचा खडा उतार होता. खाली पाहिलं, घाबरून मागे झुकले आणि स्की पायाखालून निघून गेल्या. गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, फिजिओथेरपी झाली. गुडघा एकदम बरा झाला. पण ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना ढकलत बर्फावर नेलं, तोच आता उतार दिसला की बुटाची बक्कलं सोडू लागला.

यंदा जायच्या आधी पोहे खाता खाता ते म्हणाले, "या साली पाहतो. नाही जमलं तं बूट विकून टाकतो." आमच्यापैकी कोणीच हसलं नाही.

*

तर मिहानचा किस्सा. आमचे गुलमर्गचे मास्तर रशीदभाई. त्यांचं म्हणणं, "जनाब, आठ दिन में मैं क्या सिखाऊँ? घर से कुछ सीख के आओ." मग आम्ही चाकांचे स्केट घेतले आणि रविवारी सकाळी मिहानच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर जायला लागलो. तिथे एका ठिकाणी जरासा उतार आहे. तोही आम्ही सतीश सरांच्या मोबाइलमधल्या लेव्हल मोजायच्या ॲपनं शोधून काढला.

धडा असा होता की नजर पायाकडे नाही, लांब ठेवायची. माणूस जिथे पाहतो तिथे जातो. मी चाकांकडे पाहत होतो, त्यामुळे चाकांकडेच गेलो. रस्त्यावर आडवा पडलो असतानाच एक सिक्युरिटी गार्ड सायकलवरून आला.

"काय करून राहिले जी तुम्ही?"

"स्कीइंग शिकून राहिलो," वंदनाताई म्हणाल्या.

एप्रिल महिना होता. सकाळी आठ वाजताच डांबर तापलं होतं. गार्डनं आधी सूर्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"बरफ कुठी आहे?"

"काश्मीरले."

"मंग तिथी काहून नाही शिकत?"

"तिथले मास्तर म्हणते, घरून शिकून या!"

गार्ड सायकलवरून उतरला. मग सायकल स्टँडवर लावून म्हणाला, "पडा, पडा. तिकून ट्रक आला तं मी शिटी मारतो."

*

रामटेकचा किस्सा मात्र वंदनाताईंचा. मांड्या मजबूत नसतील तर टेक्निक कितीही शिका, दुपारनंतर पाय लटपटतात आणि माणूस परत समोसा करतो. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, गडावर जायचं आणि पायऱ्या उतरताना गुडघे वाकवून, आडवं उतरायचं. छाती खालच्या दिशेला, पाय आडवे. खड्या उतारावर शरीर असंच ठेवायचं असतं. कमरेच्या वर एक दिशा, कमरेच्या खाली दुसरी.

दर्शन घेतलं आणि उतरायला लागलो. चौघं एका रांगेत, खेकड्यासारखे, तोंडानं "वाक, दाब, सरळ, वाक, दाब, सरळ" असं म्हणत. मांड्या पेटल्या होत्या. दिनूभाऊ घामानं भिजले होते, पण थांबले नाहीत. बर्फ नसला की त्या माणसाला कशाचीच भीती नाही.

अर्ध्यावर एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "पाहा! नवस असा फेडत असते. नाही तं तुम्ही, लिफ्ट आहे का म्हणून विचारून राहिले होते!"

आम्ही तसेच आडवे उतरत राहिलो. खाली पोचलो, पाय झाडले आणि मागे वळून पाहिलं. आमच्या मागे पंधरा-वीस माणसं गुडघे वाकवून आडवी उतरत होती. त्यात त्या बाईंचा नवरा सगळ्यांत पुढे! आणि तोंडानं म्हणत होता, "वाक, दाब, सरळ."

सतीश सरांचं तिथेही फिजिक्स सुटलं नाही. त्याला थांबवून म्हणाले, "भाऊ, तुमचं वजन मागच्या पायावर आहे."

*

सतीश सरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यांनी स्कीइंगचे इतके व्हिडिओ पाहिलेत की बर्फावर उभं राहायच्या आधीच त्यांचं सगळं झालेलं असतं. बाहेरच्या स्कीवर वजन का टाकायचं, कडेनं बर्फ का कापायचा, वळण पूर्ण केलं की वेग आपोआप कसा कमी होतो, हे ते लिफ्टच्या रांगेत काठीनं बर्फावर आकृत्या काढून समजावतात. रांगेतले अनोळखी लोकही माना डोलावतात. एकदा एक साहेब त्यांना फी विचारत होते.

मग सर उतारावर जातात आणि पहिल्याच वळणाला आतल्या पायावर वजन टाकून आडवे होतात.

रशीदभाई एकदा वैतागून म्हणाले, "सतीश साहब, आप का इल्म पहले नीचे पहुँच जाता है. आप बाद में आते हो."

याच सरांनी एकदा आमचे सगळ्यांचे व्हिडिओ काढले. मनातल्या मनात आम्ही सगळे चॅम्पियनच असतो. संध्याकाळी हॉटेलात पेटलेल्या बुखारीच्या शेगडीभोवती बसून व्हिडिओ लावला. बर्फावरून एक आकृती येत होती. गुडघे जवळ, बूड मागे, हात पुढे लोंबकळलेले, चेहऱ्यावर विलक्षण घाई.

वंदनाताई म्हणाल्या, "हे मी आहे का? मले वाटलं कोनी बाथरूम शोधून राहिलं!"

त्या दिवसापासून मागे झुकणाऱ्याला आमच्यात "सापडलं का?" असं विचारतात.

*

मागे झुकण्यावर इलाज म्हणून बर्फीचा किस्सा घडला. हा गेल्या वर्षीचा.

स्कीचा बूट पुढून उंच असतो. त्याच्या पुढच्या जिभेवर नडगी सतत दाबलेली राहिली तरच स्कीचं टोक आपलं ऐकतं. उतार पाहून माणूस मागे झुकला की नडगी सुटते आणि स्की मोकाट जातात. आमची सगळ्यांची नडगी सुटायची. दिनूभाऊंची तर सोप्या उतारावरही.

रशीदभाईंनी सगळ्यांना उभं केलं. "समझो कि पिंडली की हड्डी और जूते के बीच में अंडा है. हर मोड़ पे उसको फोड़ना है. समझे?"

सगळे समजले. दिनूभाऊंनी नाही म्हणून मान हलवली.

"क्या हुआ, दिनू साहब?"

"आज गुरुवार है, रशीदभाई. गुरुवार को मैं अंडा नहीं लेता."

"अरे, असली अंडा नहीं! मन में, मन में!"

"मन में तो बिलकुल ही नहीं चलता!"

रशीदभाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग वंदनाताईंनी तोडगा काढला. मास्तरांना द्यायला म्हणून आणलेला संत्रा बर्फीचा डबा खोलीत होता. एकेक वडी दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाच्या बुटात, जिभेच्या आतल्या बाजूला सरकवली. नियम साधा, संध्याकाळी ज्याची बर्फी चपटी तो पास.

संध्याकाळी निकाल लागला. वंदनाताईंची बर्फी पापडासारखी. सतीश सरांची एका बाजूनं चपटी, म्हणजे एकाच बाजूच्या वळणाचं टेक्निक बरं. माझी थोडी दबलेली. दिनूभाऊंची वडी जशी डब्यातून निघाली तशीच, वर पिस्त्याचा तुकडासुद्धा जागच्या जागी.

 दिनूभाऊ त्या वडीकडे बघत राहिले. रशीदभाईंनी ती पिशवी हळूच त्यांच्या हातातून घेतली, उघडली, वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "माशाअल्लाह! फेल वाली सबसे अच्छी है."

आम्ही इतके हसलो की हॉटेलवाला बघायला आला. दिनूभाऊही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातून नवी वडी काढताना मी त्यांना पाहिलं, आणि तेव्हा ते हसत नव्हते.

*

यंदा त्यांची बर्फी पापड झाली. पहिल्याच दिवशी! वर्षभर मिहान, रामटेक, जिना, गच्ची, सगळीकडे त्या माणसानं घाम गाळला होता. सोप्या उतारावर असे काही सुंदर वळत होते की मी थांबून बघत राहिलो. बाहेरच्या पायावर वजन, नजर लांब, समोशाचा मागमूस नाही. मनापासून आनंद झाला.

"चला, आता वरती!" वंदनाताई म्हणाल्या.

"तुम्ही जा. मी सामान पाहतो."

सामान म्हणजे एक थर्मास. तो लिफ्टच्या खालच्या बाकावर होता आणि त्यात चहाही संपला होता. त्या दिवशी आम्ही तिघं वर गेलो, खाली आलो, परत गेलो. दर वेळी दिनूभाऊ थर्मासशेजारी बसलेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

शेवटी सतीश सर म्हणाले, "दिनूभाऊ, थर्मास कोन नेऊन राहिलं गा?"

"काय सांगता येते? जमाना खराब आहे."

रशीदभाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पाँव तो सब सीख गए. अब कोई दिमाग़ को बता दे." मला फार वाईट वाटलं. ज्या बाकावर ते बसले होते तिथून ते पडले होते तो उतार समोरच दिसायचा.

*

आणि मग शेवटचा दिवस.

दिनूभाऊ स्वतःहून म्हणाले, "आज वरून नजारा पाहून येतो. लिफ्टनंच वरती, लिफ्टनंच खाली." चेअरलिफ्टमध्ये बसताना पायात स्की लागतातच, म्हणून त्यांनीही चढवल्या. आम्ही खूश. निदान वर तरी येतायत.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं. त्यांनी नजारा पाहिला. खालचा उतार मात्र पाहिला नाही, पाठ करून उभे होते. तेवढ्यात वारा सुटला, डोंगरापलीकडून धुकं आलं आणि लिफ्ट बंद झाली. असा वारा असला की ती बंदच करतात. बघता बघता समोरचा खांब दिसेनासा झाला.

दिनूभाऊ स्की सोडायला वाकले. "मी चालत येतो."

"बर्फ कमर तक है, साहब," रशीदभाई म्हणाले. "बीच में शाम हो जाएगी. स्की से ही जाएँगे. मैं आगे, वंदना जी मेरे पीछे, उन के पीछे आप. बस आवाज़ सुनते रहना."

दिनूभाऊंच्या मागे मी होतो, माझ्या मागे सतीश सर. सर त्या दिवशी पहिल्यांदाच एक शब्द बोलत नव्हते. मला खरंच भीती वाटत होती. परत पडले तर? तो गुडघा गेला तर? आणि हा माणूस आयुष्यभर थर्मासच सांभाळत बसला तर?

वंदनाताई पुढे सरकल्या. त्यांचं लाल जॅकेट दोन क्षण दिसलं आणि गेलं. मग धुक्यातून त्यांचा आवाज आला.

"दिनूभाऊ! दुकान बंद केलं का?"

"काय?"

"शटर पाडलं का म्हणून विचारून राहिली मी! चला, घरी जायचं आहे. महालातून निघालो आपन. गर्दी आहे, हळू घ्या. समोर हातगाडी आली. लेफ्टनं काढा!"

दिनूभाऊ जागचे हलले नाहीत. 

"लेफ्ट, दिनूभाऊ! मागचे हॉर्न वाजवून राहिले!"

मागून सतीश सरांनी तोंडानं हॉर्न वाजवला. देवाशपथ वाजवला! आणि दिनूभाऊ निघाले. डावीकडे वळले, वळण पूर्ण केलं, थांबले.

"शाब्बास! आता राइट. खड्डा आहे, बुजवला नाही अजून. राइट! हां. आता अशोक चौक आला. सिग्नल लाल आहे, थांबा."

थांबले.

"हिरवा झाला. लेफ्टनं घ्या. रस्त्यात गाय बसली आहे, तिच्या बाजूनं, हळू. आता राइट!"

त्यांची पाठ मला अंधुक दिसत होती. ताठ होती. गुडघे पुढे, नडगी दाबलेली, हात समोर. पायाखालचा बर्फ उताराचा खडेपणा सांगत होता, आणि माझ्या पुढे हा माणूस घरी निघाला होता.

"रेशीमबाग आलं! इथून शॉर्टकट घेऊ, लेफ्टच्या गल्लीतून!"

आणि धुक्यातून दिनूभाऊंचा आवाज आला. त्यांचा जुना आवाज, दुकानातल्या पोरांवर ओरडतात तो!

"तिकून काहून वं? वन-वे आहे तो!"

"पोलीस नाही आहे, घाला!"

"पोलीस नसला म्हनून काय झालं! मी नाही घालत. मी मेन रोडनंच येतो!"

"बरं बाबा, मेन रोडनं या! राइटले घ्या!"

मागे सतीश सर हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. माझं स्वतःचंही कळत नव्हतं. गॉगल आतून ओला झाला होता.

"सक्करदरा चौक! चौकात भाजीवाले आहेत, लेफ्ट, राइट, लेफ्ट, जमलं! आता तलाव. आता आपली गल्ली. आता ब्रेक!"

स्की थांबल्या. पायाखाली सपाट होतं. थोड्या वेळानं धुकं वर सरकायला लागलं आणि आधी बाक दिसला, मग लिफ्टचा पहिला खांब, मग हळूहळू तो अख्खा उतार, वरपर्यंत. त्यावर आमच्या स्कींच्या ताज्या खुणा होत्या.

दिनूभाऊ मान वर करून पाहत राहिले. गॉगल काढला, पुसला, परत पाहिलं.  रशीदभाईंनी आपली टोपी काढून हातात धरली होती.

एवढ्यात दिनूभाऊंचा फोन वाजला. त्यांची बायको, सुनंदावहिनी. हातमोजा काढून त्यांनी फोन घेतला, गारठलेल्या बोटांनी चुकून स्पीकर लागला.

"कुठी आहे तुम्ही? केव्हाचा फोन लावून राहिली मी!"

दिनूभाऊंनी परत एकदा उताराकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी पोचलो वं."



"घरी? मी तं घरीच आहे!"

"मंग चहा ठेव!"